धुतलेले पाय

छत्रीच्या टोकानं बाईंनी माझी टाच उचलली.

हात लावला नाही. मिटलेल्या छत्रीचं लोखंडी टोक माझ्या पावलाखाली घातलं आणि वर केलं. बैलाचा खूर बघतात तसं बघितलं. मी अकरा वर्षांची, भिंतीला धरून एका पायावर उभी. बाई म्हणाल्या, "हिच्या भेगांत अजून मळ आहे. पुन्हा घास." हे माझ्या आईला. आई खाली बसलेली. एका हातात लाल कार्बोलिकचा साबण, दुसऱ्या हातात भांडी घासायचा काथ्या. तिनं माझा पाय मांडीवर घेतला आणि घासला. रक्त आलं. तेव्हा बाई म्हणाल्या, "हं, आता ठीक." आणि छत्री घेऊन पुढच्या पायाकडं गेल्या.

हे कशासाठी चाललं होतं, सांगू? आत व्हरांड्यात चर्चचे पाळकसाहेब आमचे पाय धुणार होते म्हणून.

हसा खुशाल. मी पण हसते आता. येशूनं मरायच्या आदल्या संध्याकाळी कमरेला टॉवेल बांधला आणि आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले. दिवसभर रस्त्यानं चालून धुळीनं भरलेले पाय. गुरू होऊन चेल्यांच्या पायाशी बसला. त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी हा विधी. पुण्याची बडी मंडळी त्यासाठी दर वर्षी मोटारी भरून आमच्याकडं मुळशीला यायची. धरणाच्या काठाला बाईंचा बंगला होता. तिथं आठवडाभर राहायची, प्रेमाचं आणि नम्रतेचं शिबिर करायची. गुरुवारी आमच्या आळीतली बारा माणसं बोलवायची, पाय धुवायला. पण धुवायच्या आधी ते पाय मागच्या दारी धुऊन घ्यायची.

विधी झाला की घंगाळातलं पाणी ओतून द्यायचं काम माझ्याकडं असायचं. बारा माणसांचे चोवीस पाय धुतलेलं पाणी. काचेसारखं स्वच्छ! प्यायलं असतं तरी चाललं असतं. मी ते जास्वंदीला घालायची.

आम्ही कोण, तेही सांगते. माझा आजा गावकुसाबाहेरचा. गाव धरणात गेलं, पाटलांना वर जमिनी मिळाल्या, आज्याला दगड मिळाले. तेव्हा कुणी एक गोरा साहेब आला, आज्याच्या शेजारी जमिनीवर बसला, त्याच्या हातचं पाणी प्याला. आजा त्या एका पाण्याच्या तांब्यापायी ख्रिस्ती झाला. शास्त्रबिस्त्र नंतर. साहेब गेला त्याच्या देशाला आणि आमच्या डोक्यावर बसल्या बाई.

बाईंचे आजोबाही ख्रिस्ती झालेले. पण शास्त्रीबुवांच्या घरातले. "आमच्या आजोबांनी प्रभूसाठी जानवं सोडलं," हे बाई दर शिबिरात एकदा तरी सांगायच्या, आणि सगळे कसे हळहळून माना डोलवायचे. सोडलेलं जानवं तीन पिढ्या सांगत होत्या. जानवं सोडलं, विटाळ तेवढा जपून ठेवला. आमच्या आबांचा, माझ्या बापाचा, चहाचा कप त्या बंगल्यात मागच्या दाराच्या कोनाड्यात वेगळा असायचा. कान तुटलेला. एकाच देवाची लेकरं, एकाच भाकरीतलं खाणारी, आणि कप वेगळा! पाटलाच्या वाड्यावर हेच होतं, पण पाटील निदान भजनं म्हणून दाखवत नव्हता.

आबा त्या बंगल्याचे राखणदार. बाग बघायची, पाणी ओढायचं, मोटारी धुवायच्या. बंगल्यामागच्या खोलीत आम्ही राहायचो. त्यांचं नाव दानियल. पाहुण्यांसमोर बाई त्यांना दानियल म्हणायच्या, पाहुणे गेले की दान्या.

बंगल्याच्या व्हरांड्यात फोटो होते, विधीचे. परदेशातल्या कुठल्या मासिकात छापायला पाठवायचे, मग चौकटीत लावायचे. पाळकसाहेब वाकलेले, डोळे मिटलेले, तोंडावर काय ते तेज! आणि पुढं आमचे पाय. गुडघ्यापर्यंत. एकाही फोटोत आमच्यातल्या कुणाचं तोंड नाही. मी लहानपणी त्यातले आईचे पाय ओळखायची, पायाच्या अंगठ्यावरून. माझा मामा बौद्ध झालेला, तो एकदा आला होता तेव्हा ते फोटो बघून नुसता थुंकला. बाहेर जाऊन, अंगणात. आबांना म्हणाला, "दाजी, तुमचा येशू चांगलाय वो. पन ह्यांच्या ताब्यात कशापायी दिलाय त्येला?" आबा हसले. आबा सगळ्यालाच हसायचे.

त्या हसण्याचा मला लई राग यायचा. पण आबा भित्रे नव्हते, हे मला उशिरा कळलं. एक उदाहरण देते. एका उन्हाळ्यात धरणाचं पाणी लांब मागं हटलं आणि बंगल्याची विहीर आटली. आबा गावच्या विहिरीवर गेले. पाटलाच्या थोरल्या पोरानं काठी घातली, सरळ कपाळावर. आबांनी हात उचलला नाही. शिवी दिली नाही. पण विहीरही सोडली नाही. कपाळातून रक्त गळतंय आणि हा माणूस पोहरा ओढतोय. दुसरी काठी पडली, पाठीवर. पोहरा वर आला. तिसरी घालायला त्या पोराचा हात उठेना. आबांनी दोन हंडे भरले, खांद्यावर घेतले आणि घरी आले. आईनं कपाळाला हळद लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. कुणी अडवलं नाही.

ही गोष्ट बाईंनी शिबिरात सांगितली. अशी सांगितली, "आमच्या दानियलनं मार खाल्ला, पण शांत राहिला. अहिंसा शिकावी तर ह्या साध्या माणसांकडून." टाळ्या पडल्या. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. हंडे कुठं गेले बाई? त्या दोन हंड्यांचं काय केलंत? माराचं तेवढं ठेवलं आणि पाणी सांडून टाकलं. एका गालावर बसली तर दुसरा पुढं करा, हे त्यांना आम्हालाच शिकवायचं होतं. पाटलाच्या पोराला जाऊन कुणी काही शिकवलं नाही. त्याच्याकडून त्यांना कोंबड्या यायच्या.

तर आता त्या गुरुवारचं.

आणीबाणी उठून गेली होती, त्याच्या पुढचं वर्ष. मी पौडला मावशीकडं राहून मॅट्रिक झाले. आमच्या आळीतली पहिली. मला नर्स व्हायचं होतं. दुसरं काही डोक्यातच नव्हतं. पांढरा पोशाख, डोक्याला ती टोपी, हातात घड्याळ. पुण्याच्या मिशनच्या दवाखान्यात शिकायला घेत होते, पण चर्चच्या मंडळीतल्या कुणा वजनदार माणसाचं पत्र लागायचं. आमच्या ओळखीचं वजन एकच. मी बाईंना विचारलं.

बाई खूश झाल्या. "देईन की," म्हणाल्या. "पण यंदा बाराजणांत तू बसायचंस. पहिल्या खुर्चीवर. आमच्या कामाचं फळ लोकांना दिसू दे." म्हणजे मी फळ! पण त्यांनी पत्र खरंच लिहिलं, सही करून टेबलाच्या खणात ठेवलं. मला दाखवलंही. "विधी झाला की घेऊन जा." मी हो म्हटलं. नर्स होण्यासाठी मी काय काय ऐकून घेतलं असतं, त्याची आज लाज वाटते.

त्या दिवशी सकाळपासून मी पाटलाच्या शेतात राब भाजायला गेले होते. आमच्या मावळात भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात. शेण, पाला, तोडलेल्या फांद्यांची कवळं पसरायची, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. शेणाच्या पाट्या वाहायच्या, अनवाणी, मागच्या राबाची राख तुडवत. संध्याकाळपर्यंत पाय गुडघ्यापर्यंत काळे. शेण वाळलेलं, त्यावर राख, भेगांत काजळी. माझ्या मनात होतं, पळत जायचं, मागच्या दारी बसायचं, घासून घ्यायचं आणि पहिल्या खुर्चीवर जाऊन बसायचं. खरंच हेच मनात होतं. बंड वगैरे काही नव्हतं.

मागच्या दारी रांग लागलेली. पुढं सोनाआजी. आळीतली सगळ्यांत म्हातारी, सत्तरीच्या पुढची. मला हिनंच न्हाऊमाखू घातलेलं. तिच्या टाचा म्हणजे नुसत्या भेगा, बोट जाईल एवढ्या. माझी आई खाली बसून त्या घासत होती, तोच लाल साबण, तोच काथ्या. आजी भिंतीला धरून उभी. कळवळून म्हणाली, "हळू गं बाय, झोंबतंय."

आईचा हात थांबला. आणि बाईंची छत्री आली. लोखंडी टोक आजीच्या टाचेखाली गेलं.

"अजून आहे," बाई म्हणाल्या. "घास."

म्हातारीचा तोल गेला. मी धरलं. धरलं तेव्हा माझं लक्ष माझ्याच टाचेकडं गेलं. अकरा वर्षांची मी तिथंच, त्याच भिंतीला धरून उभी होते. डोक्यात काहीतरी लखकन झालं. अरे, पाळकसाहेब पाय धुणार आहेत ना? मग धुवा की! धुळीचे पाय धुतले येशूनं. त्याच्या शिष्यांना मागच्या दारानं कुणी पाठवलं होतं का घासून यायला?

मी आईच्या हातातला साबण काढून घेतला आणि कठड्यावर ठेवला. आजीला पायरीवर बसवलं. मग तशीच पुढच्या दाराकडं गेले. फरशी पांढरी होती. माझी पावलं काळी उमटत गेली, एकेक. मी मागं वळून बघितली, छान दिसत होती. पहिल्या खुर्चीवर बसले. पाय पुढं केले.

व्हरांड्यात चाळीसेक माणसं असतील. गीत चाललं होतं, ते मधूनच बारीक झालं आणि बंद पडलं. पाळकसाहेब कमरेला टॉवेल बांधून, घंगाळ घेऊन आले. वाकायला लागले आणि अर्ध्यातच राहिले. माझे पाय बघत होते. मी त्यांचं तोंड बघत होते. रोजचं ते तेज कुठं गेलं कोण जाणे. नाक आकसलं होतं. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "मुली, मागं जाऊन पाय धुऊन ये."

मी म्हणाले, "धुवायलाच आले साहेब. तुमी धुनार हायसा न्हवं?"

बाई आल्या तरातरा. हसू तोंडावर तसंच, आवाज दातांतून. "जा म्हणते ना. तमाशा करू नकोस. पत्र हवंय ना तुला?"

चाळीस माणसं खुर्च्या मागं सरकवत होती. प्रेमावर दोन दिवस बोलत होती ही माणसं. एक बाईमाणूस तर रुमाल नाकाला लावून बसलेली. शेणाचा वास, दुसरं काय! सकाळी त्याच शेणाच्या मालकाकडचं दूध प्याली असेल.

आणि तेवढ्यात आबा आले. पळत. हातात बादली, खांद्यावर मोटारी पुसायचं फडकं. त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. माझ्यापुढं मटकन गुडघ्यावर बसले आणि माझा पाय धरला. मान खाली घालूनच म्हणाले, "आत्ता धुतो बाई. पोर हाय. चुकली. आत्ता धुतो."

माझा बाप. रक्त गळत असताना ज्याच्या हातातला पोहरा सुटला नाही, तो. माझ्या पायाशी बसून गयावया करत होता. काठीला न भ्यालेला माणूस एका पत्राला भ्याला. माझ्या पत्राला. त्याला माझी टोपी दिसत होती, घड्याळ दिसत होतं. मला रडू फुटलं. तोंड दाबून नाही, चांगलं हंबरून रडले.

मग मी त्यांचे हात धरले. "उठा आबा," म्हणाले. उठेनात. मी काखेत हात घालून उठवलं आणि माझ्या खुर्चीवर बसवलं. त्यांच्या पायात तुटक्या टायरच्या चपला. त्या काढल्या. पाळकसाहेबांच्या हातातलं घंगाळ घेतलं. त्यांनी ते लगेच सोडलं, सुटल्यासारखं. आणि मी खाली बसून माझ्या बापाचे पाय धुतले. घोट्यावर गवत कापताना लागलेला विळ्याचा वण. करंगळीचं नख कधीच गेलेलं. मी घासलं नाही. नुसतं पाणी घातलं, हातानं चोळलं, पुन्हा घातलं. पुसायला माझा पदर घेतला.

आबा खाली बघत नव्हते. समोर, धरणाच्या पाण्याकडं बघत होते. ओठ हलत होते, प्रार्थना करत असावेत.

घंगाळातलं पाणी काळं झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी ते जास्वंदीला नेऊन घातलं आणि मागच्या दारानं न जाता पुढच्या दारानंच गेले.

शनिवार गेला, ईस्टर गेला. सोमवारी बाईंनी आम्हाला आत बोलावलं. आबांना आणि मला. टेबलावर पत्र होतं. बाईंचा आवाज लोण्यासारखा. "मी मनात काही ठेवलेलं नाही. प्रभूनं आपल्याला क्षमा शिकवली. मंडळी उद्या निघायची आहेत. निघायच्या आधी सगळ्यांसमोर एवढंच म्हण, माझ्या मनात गर्व आला होता, मला क्षमा करा. आणि हे घेऊन जा."

एक वाक्य. मी पत्राकडं बघितलं. निळी शाई, वळणदार सही. खोटं कशाला सांगू, ती सही मी दोनदा वाचली. एक वाक्य म्हणायला काय जातं, असं एक मन म्हणत होतं. मी आबांकडं बघितलं. मला वाटलं आबा म्हणतील, म्हन बाय, म्हनून टाक.

आबा आपल्या हातांकडं बघत उभे होते. मग त्यांनी मान वर केली. त्या घरात त्यांनी बाईंकडं सरळ बघितलेलं मी तोवर बघितलं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "पोरीनं माजं पाय धुतलं. त्येची माफी कुनाची मागायची?"

आवाज चढवला नाही. रोजच्यासारखाच, झाडाला पाणी घालू का विचारताना असायचा तसा. छत्री कोपऱ्यात होती आणि हातात काही नव्हतं, त्यामुळं त्यांना हाताचं काय करावं कळेना. शेवटी म्हणाल्या, "खोली रिकामी करा."

"व्हय," आबा म्हणाले. कोनाड्यातला तो कान तुटका कप तेवढा घेतला आणि बाहेर येऊन पायरीवर फोडला. एवढंच. माझ्या बापानं आयुष्यात केलेली मोडतोड एवढीच.

पुढं आबांनी रस्त्यावर खडी फोडली. मी नर्स झाले नाही. ते दुःख आहे आणि जाणार नाही, कुणी त्यावर फुंकर घालू नका. पुण्याच्या एका सरकारी दवाखान्यात आया म्हणून लागले. दिवसाला वीस-वीस माणसं धुते. पू, रक्त, विष्ठा, सगळं. कुणाला आधी घासून ये म्हणत नाही. टोपी नाही डोक्यावर. हात मात्र लावते.

येशू मी सोडला नाही. का सोडू? तो काय त्यांना आंदण दिलाय? त्याचा टॉवेल त्यांनी कमरेला बांधला आणि गाठ अशी मारली की खाली वाकताच येऊ नये. अजूनही येतात तसली माणसं, चांगल्या कपड्यांतली, वॉर्डात गोड आवाजात नम्रता शिकवायला. मी ऐकत नाही. मी आधी त्यांच्या गुडघ्यांकडं बघते. इस्त्रीची घडी मोडलेली दिसली तरच पुढचं ऐकते.

माझे पाय अजून भेगाळलेले आहेत. ते घासून मी कुणाच्या दारात जाणार नाही. देवाच्या नाही, माणसाच्या नाही. धुवायचे असतील तर मळासकट धुवा, नसेल जमत तर घंगाळ उचला आणि वाटेतून बाजूला व्हा.